शिरगावची चेंगराचेंगरी आपण चार दिवसांत कशी विसरलो?

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा. अर्धी वाचून मला कुणी देशद्रोही ठरवू नका, आणि अर्धी वाचून 'बरोबर बोललीस' असंही लिहू नका.

मी डिचोलीची लेक, पेडण्याची सून. इथं आपण जुन्या आठवणी लिहितो. कुणी शाळेच्या मास्तरांवर लिहितं, कुणी दशावतारावर, कुणी चवथीच्या माटोळीवर. मी आज मरणांवर लिहितेय. कुणाचं मरण गावाच्या लक्षात राहतं आणि कुणाचं राहत नाही, आणि असं का होतं, हा माझा विषय आहे.

आधी २०२५ सालच्या तीन तारखा एकाखाली एक मांडते.

२२ एप्रिल. पहलगाम. २६ माणसं मारली गेली.
३ मे, पहाट. आपलं शिरगाव. लईराईची जत्रा. चेंगराचेंगरीत सहा जण गेले, सत्तरहून जास्त जखमी.
७ मे. ऑपरेशन सिंदूर.

आता आठवून बघा, मे महिन्यात आपल्या घरांत काय बोलणं चाललं होतं. ड्रोन, क्षेपणास्त्रं, ब्लॅकआऊट. कुठल्या विमानानं काय केलं हे शाळकरी पोरांना पाठ झालं होतं. डिचोली बाजारात मासळी घेताना बायका पाकिस्तानच्या हवाई तळांची नावं घेत होत्या. आणि शिरगाव? डिचोलीपासून शिरगाव किती लांब आहे हो? तिथं गेलेली माणसं थिवी, पिळगाव, साखळी, कुंभारजुवे अशा आपल्याच गावांतली होती. त्या महिन्यातल्या एका लग्नात मी मुद्दाम दहा-बारा जणांना विचारलं, शिरगावात नेमके किती गेले? दोघांनी बरोबर सांगितलं. बाकीच्यांना आकडाही सांगता आला नाही, नावं तर दूरच. पहलगामचा आकडा मात्र सगळ्यांना ठाऊक होता.

यावर पहिलं उत्तर येतं ते असं: 'अगो, तो देशाचा विषय, हा गावचा अपघात. तुलना कशी होईल?' दुसरं उत्तर: 'जवान देशासाठी मरतो. जत्रेत गेलेला नशिबानं गेला.'

दुसऱ्या उत्तरातला अर्धा भाग मला मान्य आहे. जवान आपण होऊन जातो. मरण समोर येऊ शकतं हे जाणून जातो, आणि त्याचं घर वर्षानुवर्षं त्या भीतीत राहतं. त्याला मान जास्त मिळाला तर माझी काहीच तक्रार नाही. आमच्या पेडण्यात, पलीकडे सावंतवाडीत, बेळगावला भरतीसाठी धावणारी पोरं मी बघितली आहेत. त्यांच्या आया कशा राहतात तेही बघितलंय. त्यांच्या वाट्याचं काही काढून दुसऱ्याला द्या असं मी म्हणत नाही.

पण 'जवानाला मान, नागरिकाला विसर' एवढंच असतं तर पहलगामचं काय? तिथं मेलेले तर फिरायला गेलेले साधे लोक होते. कुणी डोंबिवलीचं, कुणी पुण्याचं, आणि एक तिथलाच घोडेवाला. गणवेश कुणाच्या अंगावर नव्हता. तरी सगळा देश रडला, आणि रडायलाच हवं होतं. मग शिरगावच्या माणसांत आणि त्यांच्यात फरक कुठला? फरक मेलेल्यांत नाही. मारणारा कोण, यात फरक आहे. मारणारा सीमेपलीकडचा असला की आपलं रक्त उसळतं. मरणाला कारण आपल्यातलंच कुणी असलं, म्हणजे आपली कमिटी, आपली पंचायत, आपला अधिकारी, आपली सही, आपली गर्दी, की आपण हळूच म्हणतो, 'देवाक काळजी.' आणि विषय संपतो.

पेडण्याचं उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीच्या हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रही आले. हातात तिरंगा, बाकी काही नाही. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. पंजाबातून आलेले कर्नेलसिंग बेनिपाल तिथंच पडले, आणखी कितीतरी जण त्या दिवशी गोव्याच्या हद्दींवर पडले. हे सगळे नागरिकच होते. आज पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे, दरवर्षी फुलं वाहिली जातात, पोरांना शाळेत शिकवलं जातं. उत्तम. म्हणजे नागरिकाचं मरण सत्तर वर्षं लक्षात ठेवायची ताकद या तालुक्यात आहे. गोळी परकी होती, म्हणून ते सोपं गेलं.

त्याच पेडण्यात कोकण रेल्वेचा बोगदा आहे. मऊ मातीचा डोंगर, खणला की ढासळायचा. सगळी लाईन तयार होत आली तरी पेडण्याचा बोगदा अडून होता, आणि तो पुरा झाल्यावर जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. या लाईनवरच्या अशा बोगद्यांनी मजुरांचे जीव घेतले. मुंबईला मुलांकडे जाताना आपण त्या अंधारातून जातो तेव्हा डब्यात कुणी सांगतं का पोरांना, की इथं माणसं गेली म्हणून आपण रात्री बसून सकाळी दादरला उतरतो? रत्नागिरी स्टेशनवर त्या कामगारांचं श्रमशक्ती स्मारक आहे. किती जणांनी बघितलंय? तेही देशाचंच काम होतं. पण तिथं शत्रू म्हणजे ढासळणारी माती. मातीवर राग काढून भाषण कसं करणार?

आता तुम्ही म्हणाल, निदान जवानाच्या बाबतीत तरी आपण चोख आहोत. तसंही नाही. माझ्या सासरचीच गोष्ट सांगते.

माझे एक चुलत सासरे मराठा लाइट इन्फंट्रीत होते. श्रीलंकेत गेले, परत आले नाहीत. १९८७ ते १९९० या काळात शांतिसेनेचे सुमारे बाराशे जवान तिथं गेले. आमच्याकडे पार्थिव आलं नाही. तार आली, आणि मागाहून एक काळी ट्रंक आली. त्यात कपडे, दाढीचं सामान, एक हनुमान चालिसा आणि घरचीच चार पत्रं. त्या वेळी गावात ना मिरवणूक निघाली, ना बॅनर लागला. काकूंचं वय तेव्हा तिशीच्या आत. पुढं १९९९ ला कारगिल झालं. ती आपल्याकडची टीव्हीवर दिसलेली पहिली लढाई. त्याआधी बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार तिकडेच व्हायचे. कारगिलपासून तिरंग्यातली पेटी गावात यायची रीत पडली. मग कुठं आमच्या गावाला आठवलं, की आपल्याकडेही एक बाई आहे. तेव्हापासून १५ ऑगस्टला काकूंना बोलवायला लागले. शाल, नारळ, एक फोटो. काकू जायच्या, बसायच्या, यायच्या. एकदा घरी येऊन शाल घडी करता करता मला म्हणाल्या, 'श्रीलंकेत आपलं काय होतं गो? कोणी सांगलां ना.' पेडण्याच्या त्या म्हाताऱ्या बाईला एवढं एकच विचारायचं होतं. व्यासपीठावरच्या कुणी तिला ते विचारू दिलं नाही, आणि कुणी उत्तरही दिलं नाही. त्या जवानांचं मोठं स्मारक आधी श्रीलंकेनं कोलंबोजवळ बांधलं, आपण नाही.

म्हणजे जवानालाही मान मिळतो तो गोष्ट सोयीची असेल तर. श्रीलंकेची गोष्ट अडचणीची होती. कोण शत्रू, कोण मित्र, कशाला गेलो, कुणी पाठवलं, हे सगळे प्रश्न घरापर्यंत येत होते. म्हणून ते बाराशे जण मागं पडले.

दुसरं उदाहरण ताजं आहे. २७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी. सगळा देश विंग कमांडर अभिनंदन यांच्यासाठी देवाला साकडं घालत होता, ते योग्यच होतं. त्याच सकाळी बडगामला हवाई दलाचं एक हेलिकॉप्टर कोसळलं. सहा हवाई सैनिक आणि खाली जमिनीवरचा एक काश्मिरी माणूस गेला. त्या सहांत आपल्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. पुढं चौकशीत निघालं, की ते आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं होतं. हवाई दलाच्या प्रमुखांनी ऑक्टोबरमध्ये ती मोठी चूक असल्याचं उघडपणे मान्य केलं. मधल्या काळात निवडणूक होऊन गेली. दलानं चूक कबूल केली, कारवाईही केली. ते मोठंच म्हणायचं. पण आपण काय केलं? बालाकोटवर आजही तासभर बोलणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत. त्यांतल्या किती जणांना बडगाम माहीत आहे? तेही जवानच होते, तेही त्याच लढाईतले. पण चूक आपली निघाली, आणि आपण तोंड फिरवलं.

गोव्यातलंच म्हणाल तर १ ऑक्टोबर २००२. दाबोळीला नौदलाच्या एका विमान तुकडीची पंचवीस वर्षं साजरी होत होती. कवायतीत दोन विमानं आकाशात एकमेकांवर आदळली. बारा नौसैनिक गेले, आणि खाली कामावर असलेले मजूरही गेले. एकाच क्षणी, एकाच कारणानं. वास्कोच्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा, विमानं आठवतील, नौसैनिक आठवतील. खालचे मजूर कोण होते, कुठले होते, त्यांच्या घरी कुणी गेलं का, हे विचारा. गप्प बसतील.

आता माझ्या माहेरची गोष्ट. ही लिहायला मला जड जातंय.

डिचोलीच्या खाणपट्ट्यातले लोक जाणतात, चीनला खनिज जात होतं ती वर्षं कशी होती. रस्त्यावर ट्रकांची रांग, तांबडी धूळ, घरातली भांडी तांबडी, वाळत घातलेली लुगडी तांबडी. प्रत्येक फेरीला पैसे, म्हणून प्रत्येक चालकाला घाई. त्या वर्षांत माझा मावसभाऊ सकाळी स्कूटरनं कामावर निघाला आणि खनिजाच्या ट्रकखाली आला. चोवीस वर्षांचा होता. त्या दिवशी संध्याकाळी मावशीच्या पडवीत चार माणसं येऊन बसली. ट्रकवाल्यांकडून एक, गावातले दोन, आणि एक असाच मध्यस्थ. बोलणी झाली. पाकीट ठेवलं गेलं. मावशी आत होती, तिला कुणी बाहेर बोलावलंही नाही. 'पोर काय परत येणार नाही, धाकट्याचा विचार करा,' असं म्हणाले. रस्ता एक दिवस बंद राहिला, तिसऱ्या दिवशी ट्रक चालू. केसचं पुढं काय झालं ते आमच्या घरात आजतागायत कुणाला ठाऊक नाही. गावात बोर्ड नाही, दिवस नाही. ज्या वळणावर तो गेला ते वळण अजून तसंच आहे. फक्त मावशी तिथून जाताना पदर तोंडाला लावते.

कुणी म्हणेल, रस्त्यावर रोज मरतात, कुणाकुणासाठी रडायचं? एवढ्याशा आपल्या गोव्यात दरवर्षी अडीचशे-तीनशे माणसं रस्त्यावर मरतात. सगळ्या देशात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर गेली. कारगिलच्या सगळ्या लढाईत आपले ५२७ जवान गेले. जवानांचं मरण छोटं दाखवायला मी हे आकडे देत नाही. ५२७ साठी आपण जे केलं ते थोडंच. पण दर दिवशी चारशेहून जास्त माणसं जिथं मरतात तिथं 'रोजचंच आहे' हे उत्तर कसं चालतं? कारगिलनंतर समिती बसली, गुप्तवार्ता कुठं चुकली ते तपासलं, सैन्याची रचना बदलली. शत्रूकडून माणूस मेला की आपण विचारतो, हे परत होऊ नये म्हणून काय करायचं? ट्रकखाली मेला की विचारतो, किती मिळाले?

शिरगावकडे परत येते.

लईराईची जत्रा आपल्याला सांगायला नको. वैशाख शुद्ध पंचमी. धोंड व्रत पाळतात, सोवळ्यात राहतात, तळीत न्हातात, हातात बेतकाठी, गळ्यात मोगरीचे कळे, आणि पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांतून जातात. सात बहिणींतली ही देवी. मुळगावची केळबाय तिची बहीण, आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीणही बहीणच मानतो आपण. पेडण्यापासून काणकोणपर्यंतची माणसं येतात, महाराष्ट्र-कर्नाटकातूनही येतात. खाणींमुळे ज्या गावच्या विहिरी आटल्या, तेच हे शिरगाव. गर्दी दरवर्षी वाढत गेली. देवळाकडचा उताराचा रस्ता तेवढाच राहिला. दोन्ही बाजूंना दुकानं. रात्री तीन-साडेतीनच्या सुमारास त्या उतारावर माणसं माणसांवर पडली. जखमींना डिचोली, आझिलो, गोमेकॉ असं नेलं.

हे वाचताना साताऱ्याच्या वाचकांना काही आठवलं असेल. २५ जानेवारी २००५. वाईजवळ मांढरदेव, काळूबाईची जत्रा. डोंगरावरची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या. तीनशेच्या आसपास माणसं गेली. न्यायमूर्ती कोचर आयोग बसला. वीस वर्षांनी शिरगावात तेच: उतार, अरुंद वाट, दुकानं, गर्दी. मांढरदेवचा अहवाल गोव्यातल्या एका तरी देवस्थान समितीनं, एका तरी पंचायतीनं मागवून वाचला होता का? ज्या सैन्यात एका चौकीवर झालेली चूक दुसऱ्या चौकीला शिकवली जाते त्या सैन्याचं आपण कौतुक करतो, आणि आपल्या देवळात वीस वर्षांत एक अहवाल पोचत नाही.

शिरगावनंतर सरकारनं काही केलं नाही असं नाही. चौकशी समिती नेमली. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षकांसकट अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. अहवाल आला, त्यात देवस्थान समितीपासून पंचायत, पोलीस, प्रशासन अशा सगळ्यांकडे बोट दाखवलं गेलं. पण बदली ही शिक्षा नव्हे, आणि दोष सगळ्यांत वाटला की कुणाच्याच वाट्याला येत नाही. आणि नेमक्या त्या दिवसांत आपले डोळे कुठं होते? सीमेवर. मी असं म्हणत नाही की कुणी मुद्दाम झाकलं. झाकायची गरजच नव्हती. आपणच बघत नव्हतो.

बरं, सीमेकडे बघत होतो तेव्हा तरी सगळं बघितलं का? त्याच दिवसांत पूंछमध्ये तोफगोळे पडले, घरांत बसलेली माणसं गेली, पोरं गेली. शत्रूनंच मारलं त्यांना. तरी आपल्या बोलण्यात पूंछ किती आलं? विमानांच्या गप्पांत ती पोरं बसत नव्हती. म्हणजे शत्रू परका असणंसुद्धा पुरेसं नाही. गोष्ट आपल्याला शौर्याची वाटली पाहिजे, तेव्हा आपण ऐकतो.

सात महिन्यांनी, डिसेंबरात हडफड्याला नाईट क्लबला आग लागली. पंचवीस माणसं गेली. त्यांतली बहुतेक तिथली कामगार पोरं, कितीतरी खाली स्वयंपाकघराकडे गुदमरून मेली. झारखंड, उत्तराखंड, आसाम, नेपाळ अशी कुठून कुठून पोटासाठी आलेली. या वेळी मात्र चर्चा खूप झाली. का झाली? मालक दिल्लीचे होते आणि काही तासांत थायलंडला पळाले. आपल्याला बाहेरचा माणूस मिळाला. पासपोर्ट, विमानतळ, पकडून आणणं, सगळा सिनेमा आपण चवीनं बघितला. त्या मालकांचं जे व्हायचं ते कोर्टात होवो. पण त्या क्लबला चालू द्यायला दिल्लीचं कुणी आलं नव्हतं. परवाने, डोळेझाक, अरुंद वाट, हे सगळं इथलं. त्यावर बोलणं दोन आठवड्यांत विझलं. आणि मेलेली पोरं विमानानं आपापल्या गावी गेली. आपल्या कुठल्याच गावात तिरडी उठली नाही, त्यामुळे आपल्याला सुतक लागलं नाही.

हे फक्त बारदेशचं दुखणं आहे असं पेडणेकरांनी समजू नये. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल इथं लाकूड-बांबूची तसली किती बांधकामं उभी आहेत ते आपण रोज बघतो. त्यांत आपली जमीन भाड्यानं आहे, आपली पोरं तिथं कामाला आहेत. काणकोणला ४ जानेवारी २०१४ ला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ३१ जण गेले, बहुतेक बाहेरून आलेले मजूर. त्यातून पेडण्याच्या एका तरी पंचायतीनं काय धडा घेतला ते कुणी मला सांगावं.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? जवानाच्या मानाचा आपण पडदा करतो. कुणी रस्त्याबद्दल, क्लबबद्दल, जत्रेबद्दल बोललं की लगेच, 'सीमेवर जवान मरतायत आणि तुम्हाला खड्ड्यांचं पडलंय.' अहो, तो जवान सुट्टीवर घरी येतो तेव्हा याच खड्ड्यांतून येतो. त्याची आई याच जत्रेला जाते. त्याचा धाकटा भाऊ याच क्लबात वेटर आहे. आणि २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली, तेव्हा नवीन पूल बांधायला कुणाला बोलावलं? लष्कराला. आपल्या बेफिकिरीचं ओझंही शेवटी त्यांच्याच खांद्यावर.

आणि त्या जवानासाठी तरी आपण स्टेटस बदलण्यापलीकडे काय विचारतो? 'शहीद' हा शब्द आपण इतका वापरतो, पण असा सरकारी दर्जाच नाही, हे केंद्र सरकारनं संसदेत सांगितलंय. पुलवामाला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले, त्यांत आपल्या बुलढाण्याचे दोघे होते. त्या निमलष्करी दलांत १ जानेवारी २००४ नंतर भरती झालेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यासाठी ते कोर्टात भांडताहेत. अग्निवीर कामावर गेला तर घरच्यांना एकरकमी पैसे मिळतात, पण नेहमीच्या जवानाच्या घरासारखी कुटुंब पेन्शन मिळत नाही. एकाच खंदकात दोघं, एकाच गोळ्यानं गेले, तरी दोन घरांना दोन हिशोब. मेणबत्त्या घेऊन निघालेल्या मोर्च्यांत यावर एक तरी घोषणा कुणी ऐकलीय? शाल-नारळ स्वस्त पडतो. प्रश्न महाग पडतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येक अकाली मरणाला दोन गोष्टी मिळायला हव्यात: मान आणि चौकशी. जवानाला आपण मान देतो आणि चौकशी टाळतो, जसं आमच्या काकूंच्या बाबतीत झालं. नागरिकाला ना मान देतो, ना चौकशी करतो. पाकीट देतो, जसं मावशीच्या पडवीत झालं. शिरगावला आणि हडफड्याला पंतप्रधान निधीतून दोन-दोन लाख जाहीर झाले. मदत हवीच, पण पाकिटानं तोंड बंद होतं तेव्हा ती मदत राहत नाही.

यावर करायचं काय, असं विचाराल तर माझ्याकडे मोठं काही नाही. आपल्या हातात आहे तेवढं सांगते.

एक, शिरगावचा अहवाल दरवर्षी जत्रेआधीच्या ग्रामसभेत मराठीत किंवा कोंकणीत मोठ्यानं वाचा. त्यातलं काय झालं, काय राहिलं, कुणी करायचं होतं, हे नाव घेऊन विचारा. फक्त शिरगावात नको. जिथं जिथं गर्दीची जत्रा आहे तिथं.

दोन, १५ ऑगस्टला पंचायतीसमोर झेंडा लावतो तेव्हा गावातल्या जवानांची नावं घ्या, आणि त्यांच्याबरोबर त्या वर्षात कामावर, रस्त्यावर, खांबावर, खाणीत, समुद्रात गेलेल्यांची नावंही घ्या. वीजखांबावर चढलेला लाइनमन गावाला उजेड देतानाच मरतो. त्याच्यासाठी एक मिनिट उभं राहिल्यानं जवानाचा मान कमी होत नाही.

तीन, वीरपत्नीला व्यासपीठावर बसवता ना? मग माईक तिच्याकडे द्या. काय मिळालं, काय मिळालं नाही, काय विचारायचंय, तिला बोलू द्या. आमच्या काकू आता नाहीत. त्यांना कधी माईक मिळाला नाही.

चार, अपघातानंतर पडवीत बसणाऱ्या चार माणसांत जाऊन बसू नका. कुणी बसलं तर विचारा, वळण कधी दुरुस्त करणार?

काही जणांना हे राजकारण वाटेल. वाटू दे. पंच असो, आमदार असो, कमिटी असो, प्रत्येक पक्षाची माणसं त्यात आहेत, म्हणून तर सगळे गप्प आहेत. आणि ज्यांना वाटतं मी सैन्याच्या विरुद्ध लिहिलं, त्यांनी आमच्या घरी यावं. काळी ट्रंक अजून माळ्यावर आहे.

आता तुम्ही लिहा. आपापल्या गावातून असं गेलेलं कोण आहे, कुठल्या साली, कशानं. जवान असो नाहीतर मजूर, धोंड असो नाहीतर शाळकरी पोर. घरच्यांना दुखेल असं काही लिहू नका, पण कारण मात्र लिहा. 'नशीब' हे कारण चालणार नाही.